त्रिनिदादचे ताबूत

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाशी, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम अकरा किलोमीटरांवर त्रिनिदाद नावाचे जे बेट आहे, त्याच्या राजधानीच्या पश्चिम अंगाला सेंट जेम्स ही वस्ती असून तिच्यातील रस्त्यांच्या पाट्या वाचू लागले म्हणजे आपण भूगोल तर चुकलो नाही ना, असा संभ्रम क्षणभर पडतो; कारण तेथे दिल्ली आहे, आग्रा आहे, पाटणा आहे, कलकत्ता आहे आणि नेपाळही आहे. या नेपाळ रस्त्यावरच्याच एका घरात विद्याधर सूरजप्रसाद नायपॉल यांची विद्यार्थिदशेतील काही वर्षे गेली. त्याही पूर्वी येथे पेरू नावाचा उसाचा मळा होता, आणि त्या मळ्यावर राबण्यासाठी सातासमुद्रांपलीकडून आणलेली माणसे कराराची मुदत सरल्यावर त्याच्याच आसपास घरे बांधून राहिली. मायदेशी परत जाणे ज्यांच्या नशिबी नव्हते, त्यांच्या गावांची नावे अशा रीतीने पाट्यांवर येऊन बसली.

मोहरमचा महिना लागला की या वस्तीत रात्री जो ताशांचा कडकडाट सुरू होतो, तो मराठी माणसाने डोळे मिटून ऐकला तर आपण पुण्यात आहोत की साताऱ्यात, एवढाच प्रश्न त्याला पडेल. वाद्याचे नावही तेच आहे. फक्त तेथील लोक त्याला ‘टासा’ म्हणतात. मातीच्या खोलगट भांड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून बसवलेले हे वाद्य दमट हवेने सैल पडते, म्हणून रस्त्याच्या कडेला जाळ पेटवून, आमच्याकडे हलगी शेकतात त्याच रीतीने, वादक आपापले ताशे त्या जाळासमोर धरून बसतात. मधूनच काडीने एक टिपरी मारून कान देतात, आणि कातडे खणखणू लागले की घाईघाईने उठून मेळात सामील होतात. ताशांच्या पाठीशी मोठा ढोल असतो, झांजा असतात. बेटावर या उत्सवाला ‘होसे’ म्हणतात. ‘या हुसेन, या हुसेन’ हा जो आक्रोश मिरवणुकीत होई, तो परभाषिकांच्या कानी पडून त्याचा हा अपभ्रंश झाला. ताजियाचे तेथे ‘ताजा’ झाले आणि मातमचे ‘महातम’ होऊन ते ताशाच्या एका विलंबित, शोकाकुल ठेक्याचे नाव ठरले. मलिदा मात्र मलिदाच राहिला.

हे सारे तेथे कसे पोहोचले, हे कळण्यासाठी बेटाच्या पूर्वेतिहासात थोडे डोकावले पाहिजे. १४९८ साली कोलंबसाने हे बेट पाहिले तेव्हापासून तीनशे वर्षे ते स्पेनच्या नावावर होते, परंतु वस्ती विरळ आणि लागवड त्याहूनही विरळ. १७८३ च्या शाही फर्मानाने कॅथलिक परदेशीयांना जमिनी देऊ केल्या, तेव्हा शेजारच्या बेटांवरील फ्रेंच मळेवाले आपल्या आफ्रिकी गुलामांसह येऊन दाखल झाले आणि उसाची लागवड जोरात सुरू झाली. १७९७ मध्ये इंग्रजांचे आरमार आले, स्पॅनिश गव्हर्नर चाकोन शरण गेला, आणि अंमल बदलला. १८३४ मध्ये अमलात आलेला गुलामगिरी-निर्मूलनाचा कायदा आणि त्यानंतरची चार वर्षांची उमेदवारी संपून १ ऑगस्ट १८३८ रोजी गुलाम खऱ्या अर्थाने मुक्त झाले, तेव्हा ज्या मळ्यांनी त्यांच्या पिढ्या खाल्ल्या, त्या मळ्यांकडे पाठ फिरवून स्वतःच्या तुकडाभर जमिनीवर राहणे त्यांपैकी अनेकांनी पसंत केले, यात नवल काय? मळेवाल्यांना मात्र स्वस्त आणि बांधील हात हवे होते. ते हिंदुस्थानात मिळाले.

कलकत्त्याहून निघालेले ‘फातेल रझाक’ हे जहाज ३० मे १८४५ रोजी पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात लागले. त्यातून दोनशेहून अधिक माणसे उतरली. त्या दिवसापासून १९१७ पर्यंत सुमारे १,४३,००० हिंदी मजूर या एका बेटावर आले. बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातले, काही मद्रासकडचे. मराठी माणसांचा मोठा ओघ गेला तो मॉरिशसला. त्रिनिदादच्या मळ्यांत आपली भाषा फारशी ऐकू आली नसावी, तरी तेथे जो ताशा वाजला तो आपल्या ओळखीचा आहे. भरती करणारे अरकाटी गावोगाव फिरत आणि त्या बेटाचे नाव ‘चिनीदाद’ असल्याचे, म्हणजे तो साखरेचा मुलूख असल्याचे सांगत, अशी आठवण तेथील घराघरांतून अद्याप सांगितली जाते. करार पाच वर्षांचा. रोज सुमारे एक शिलिंग, म्हणजे पंचवीस सेंट, तोही नेमून दिलेले काम पुरे झाले तर. राहायला गुलामांच्या काळच्या धर्तीवरच्या बराकी. जहाजावर तीन-साडेतीन महिने एकत्र काढलेली माणसे एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हणू लागली, आणि जातपात, गाव, गोत्र मागे पडलेल्या त्या लोकांत हे नाते सख्ख्या भावाइतके बळकट मानले गेले.

या साऱ्या व्यवस्थेत मला सर्वांत जाचक वाटते ती एक लहानशी तरतूद. करारातील मजुराला परवान्याच्या चिठ्ठीवाचून मळ्याची हद्द ओलांडता येत नसे. रस्त्यावर विनापरवाना सापडला तर अटक, दंड, प्रसंगी तुरुंग. चाबूक गेला होता, साखळदंड गेले होते. पण रस्ता त्याचा नव्हता. शेजारच्या मळ्यावर आपला जहाजी भाई राहतो, तो आजारी आहे, त्याला भेटून यावे, एवढ्या साध्या इच्छेसाठीही मुकादमाची आणि गोऱ्या साहेबाची मर्जी सांभाळावी लागे. ही गोष्ट ध्यानी ठेवली नाही तर होसेचा अर्थ कळत नाही, आणि त्याच्यावर पुढे बंदुका का रोखल्या गेल्या, तेही कळत नाही.

कारण वर्षातून एकदा, मोहरमच्या दिवसांत, हा रस्ता त्याचा होई. १८५० नंतरच्या दशकापासून मळ्यामळ्यांवर ताबूत उभे राहू लागले. मजूर आपल्या तुटपुंज्या मजुरीतून वर्गणी काढीत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, बेगड, घुमट, मिनार, जाळीच्या खिडक्या. ज्यांनी करबला पाहिली नव्हती आणि ज्यांना हिंदुस्थानही पुन्हा दिसणार नव्हता, अशी माणसे स्मरणाच्या आधारावर हुसेनच्या कबरीचे स्वतःच्या मनातले रूप उभे करीत. दहाव्या दिवशी अनेक मळ्यांचे ताबूत आपापल्या वाटांनी निघून मुख्य रस्त्याला मिळत, आणि दक्षिणेकडील मळ्यांची ती सारी गर्दी सॅन फर्नांडो शहरातून समुद्राकडे जाई. कोणत्या मळ्याचा ताबूत अग्रभागी चालावा, यावरून मानापमान होत, क्वचित लाठ्याही चालत. फिलिपीन मळ्याचा पुढे चालण्याचा मान परंपरेने मानला जाई. वर्षभर ज्यांना नावाऐवजी नोंदीच्या आकड्याने ओळखले जाई, त्यांनी एका दिवसापुरती आपली क्रमवारी आपण ठरवावी, आपला पुढारी आपण नेमावा, आणि गावच्या मुख्य पेठेतून वाजतगाजत जावे, हा अनुभव त्यांना किती मोलाचा वाटत असेल, याची कल्पना परवाना खिशात न ठेवता हिंडणाऱ्या आपल्याला सहजी यायची नाही.

आणि ही माणसे मुख्यतः हिंदू होती. करबलेच्या रणात हिजरी ६१ मध्ये, म्हणजे इसवी सन ६८० साली, पैगंबरांचे नातू हुसेन मूठभर अनुयायांसह तहानेने व्याकूळ होऊन मारले गेले, त्याचे हे सुतक. ते पाळणारे शिया त्या बेटावर थोडे, सुन्नी त्यांच्याहून अधिक, पण ताबुतापुढे चालणाऱ्यांत बहुसंख्य हिंदू; नवस बोलणारे, मलिदा चढवणारे, कधी ताबूत बांधणारेही. शिवाय मुक्त झालेल्या आफ्रिकींचे वंशजही ताशे-ढोल वाजवायला येत आणि लाल-हिरवे चंद्र खांद्यावर घेत. हे दोन चंद्र म्हणजे हसन आणि हुसेन या बंधूंची प्रतीके: विषाने गेलेल्या हसनचा हिरवा, रक्तात न्हालेल्या हुसेनचा लाल. चंद्रकोरीच्या आकाराचा तो जड सांगाडा एकच माणूस पट्ट्याच्या आधाराने उचलतो आणि ताशाच्या ठेक्यावर गर्रकन फिरतो. दमला की दुसरा खांदा पुढे येतो, आणि सांगाडा जमिनीला लागू न देता तो बदल होतो. धर्मशास्त्राच्या कसोटीला हे सर्व कितपत उतरेल, हा प्रश्न तेथील मौलवींनी वारंवार विचारला आहे, आणि त्यांच्या दृष्टीने तो रास्तच आहे. पण ज्यांना एकच दुःख मिळाले होते, त्यांनी त्या दुःखासाठी जवळ होते ते शब्द आणि जवळ होता तो ताल वापरला, असे मला वाटते. परमुलखात, पाण्यावाचून, अन्यायाच्या हातून मरण पावलेल्या पुरुषाची कथा करारबद्ध मजुराला परकी कशी वाटणार?

१८८० नंतर सरकारचा सूर बदलला. युरोपात बीटापासून साखर निघू लागली होती, भाव घसरले होते, आणि मळेवाल्यांनी ती तूट मजुराच्या पाठीवरून भरून काढण्यासाठी नेमून दिलेले काम वाढवले. मळ्यांवर संप होऊ लागले. इकडे राजधानीत आफ्रिकी वंशीयांच्या कार्निव्हलमधील ‘कँबूले’ या मशालींच्या मिरवणुकीवर पोलिसप्रमुख कॅप्टन बेकर याने १८८१ मध्ये हात टाकला, तेव्हा मोठी चकमक उडाली, आणि त्यापाठोपाठ १८८४ मध्ये सार्वजनिक शांततेच्या नावाखाली मशालींवर आणि नगाऱ्यांवर निर्बंध आले. (कातडी वाद्ये हिरावली गेल्यावर त्या लोकांनी बांबूच्या नळ्या जमिनीवर आपटून ताल धरला, आणि पुढे १९३० नंतरच्या वर्षांत पत्र्याचे डबे व तेलाची पिंपे ठोकून त्यांतून सूर काढले. आज ज्या पोलादी वाद्याचा त्रिनिदादला सार्थ अभिमान आहे, त्याच्या मुळाशी एक मनाई-हुकूम आहे.) लोकसंख्येचा तिसरा हिस्सा झालेल्या हिंदी मजुरांची हजारोंची गर्दी, हातात लाठ्या, पुढे ताशे, ही सत्ताधाऱ्यांना सहन होईना. हिंदी आणि आफ्रिकी एकाच मिरवणुकीत चालतात, ही गोष्ट तर त्यांना अधिकच भयप्रद वाटली असावी.

१८८२ चा वटहुकूम आधार धरून जुलै १८८४ मध्ये, सर सँफर्ड फ्रीलिंग गव्हर्नर असताना, नियम जाहीर झाले. ते वाचताना एक गोष्ट स्पष्ट दिसते: ताबूत बांधायला मनाई नव्हती, शोक करायला नव्हती, ताशा वाजवायलाही नव्हती. मनाई होती ती रस्त्याला. मिरवणूक मळ्याच्या परिसरात राहावी, पोर्ट ऑफ स्पेन किंवा सॅन फर्नांडो शहरात शिरू नये, परवानगीवाचून हमरस्त्यावर येऊ नये, आणि हिंदी नसलेल्यांनी तीत सामील होऊ नये. ज्याला एका दिवसाचे स्वातंत्र्य होते, त्याला तेवढ्याच दिवशी पुन्हा मळ्याच्या हद्दीत कोंडण्याचा तो मसुदा होता. मजुरांनी रीतसर अर्ज केला. त्यात पहिले नाव सुखू या हिंदू माणसाचे. मोहरमच्या मिरवणुकीसाठी हिंदूने सरकारदरबारी दाद मागावी, हे कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना विसंगत वाटले. आमची ही जुनी वहिवाट आहे, एवढेच अर्जदारांचे म्हणणे होते. अर्ज फेटाळला गेला.

३० ऑक्टोबर १८८४, गुरुवार. हिजरी १३०२ च्या मोहरमची दहावी तारीख. सॅन फर्नांडोच्या वेशींवर पोलीस आणि गोरे शिपाई उभे होते. तरीही ताबूत निघाले. निघणाऱ्यांना सरकारी हुकूम ठाऊक नव्हता असे नाही. पण तीस वर्षे ज्या वाटेने देव नेला त्या वाटेवर सरकार खरोखरच गोळी घालील, ही गोष्ट त्यांच्या मनाला पटली नाही. आणि ताबूत एकदा खांद्यावर घेतल्यावर समुद्रात थंडा न करता परत फिरवायचा कसा? सिपेरो स्ट्रीटवर आर्थर चाइल्ड या मॅजिस्ट्रेटाने जमाव पांगवण्याच्या कायद्याचे ठरीव इंग्रजी शब्द मोठ्याने वाचले. ताशांच्या गजरात ते किती जणांच्या कानी पडले आणि पडले त्यांपैकी किती जणांना उमगले, हे सांगण्याची गरज नाही. मग फैरी झडल्या. मों रेपो येथे, दुसऱ्या वाटेने आलेल्या मिरवणुकीवरही तसाच गोळीबार झाला. मृतांचे आकडे नऊपासून बावीसपर्यंत सांगितले जातात. जखमी शंभरावर होते. जे मेले त्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती, याचा हिशेब करण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. ते सारे एकाच ताबुताखाली होते.

चौकशीसाठी जमैकाचा गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन याची नेमणूक झाली. नेमणूक सूचक होती. १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात कंपनीच्या फौजेत असलेला, पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसलेला हा माणूस ‘हिंदी स्वभाव’ जाणणारा समजला जाई. त्याने अधिकाऱ्यांना निर्दोष ठरवले. मिरवणुकीत बहुसंख्य हिंदू होते, तेव्हा हा धर्माचा प्रश्न नव्हेच, हा युक्तिवाद सरकारच्या बाजूने पुढे आला. म्हणजे जी गोष्ट त्या लोकांचे ऐक्य दाखवत होती, तीच त्यांच्या हक्काविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली. दप्तरांत पुष्कळ अन्यायकारक वाक्ये सापडतात, परंतु इतके थंड वाक्य क्वचितच सापडावे.

येथे मला महाराष्ट्राची आठवण टाळता येत नाही. त्या काळी आमच्याकडेही मोहरमला हिंदू फकीर होत, सवारीपुढे नाचत, नवसाचे ताबूत बसवत. पुण्यात तर हिंदूंचे ताबूत पुष्कळ असत. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत दंगल झाली, पुढील वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला मोठे रूप आले, आणि मेळ्यांच्या पदांतून हिंदूंना ताबुतांपासून दूर राहण्याचे आवाहन झाले. गणेशोत्सवाने राष्ट्रकार्यात जे केले ते मोठेच आहे. पण त्या एका वर्षात पुण्याच्या ताबुतांपुढला हिंदू गर्दीचा ओघ आटला, हेही खरे आहे, आणि ते वाचताना मला दुःख होते. सांगली जिल्ह्यातील कडेगावचे उंच ताबूत आजही हिंदू-मुसलमान मिळून उभारतात, आणि देशावरच्या कित्येक खेड्यांत पीर बसवण्याचा मान हिंदू घराण्यांकडे आहे. जी गोष्ट शहराने सोडली ती खेड्याने जपली, आणि समुद्रापार साखरेच्या मळ्यांनी जपली.

त्रिनिदादमध्ये गोळीबारानंतर सॅन फर्नांडोचा थाट पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. मळ्यामळ्यांचे ताबूत हळूहळू बंद पडले. शेजारच्या ब्रिटिश गियानात तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही चाल जवळजवळ नाहीशी झाली. सेंट जेम्स आणि दक्षिणेचे सेद्रोस, या दोन ठिकाणी मात्र ती तगली. सेंट जेम्समध्ये ताबूत घरांच्या आवारांत बांधले जातात आणि प्रत्येक आवाराची परंपरा घराण्यात चालत आलेली असते. एका आवाराला तर ‘पंचायती’ असेच नाव आहे. बांधकाम सुरू झाले की कारागीर मद्य-मांस वर्ज्य करतात, ब्रह्मचर्य पाळतात, पादत्राणे दाराशी सोडून आत येतात. कामट्यांच्या जोडीला आता थर्मोकोलही आला. पण घुमटाचे प्रमाण, महिरपीचा वळसा, बेगडावरची नक्षी यांचा कागदी नकाशा बहुधा नसतो, ते हाताला ठाऊक असते. मग पहिली रात्र निशाणांची, दुसरी धाकट्या होसेची, तिसरी थोरल्या होसेची. त्या रात्री दोन्ही चंद्र वेस्टर्न मेन रोडवर समोरासमोर येतात, नाचत नाचत एकमेकांना भिडतात, आणि क्षणभर दोन भाऊ भेटतात. बाजूच्या गर्दीत रम पिणारेही असतात, आणि बांधणारे त्याने कष्टी होतात. हा उत्सव आहे की सुतक, हा वाद तेथे अनेक पिढ्या चालला आहे. त्या वादात मी ताबूत बांधणाऱ्यांच्या बाजूचा आहे. चाळीस दिवस उपास काढून ज्याने ती नक्षी कातरली, त्याच्या दृष्टीने तो काय आहे, हे त्यालाच विचारले पाहिजे.

बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सेद्रोसच्या बोनास गावाशी रस्ता संपतो आणि वाळू सुरू होते. हवा स्वच्छ असेल तर पलीकडे व्हेनेझुएलाची रेघ दिसते. ताशेवाले येथे शेवटची फेरी घेतात आणि महातमचा ठेका धरतात. माणसे कपड्यांसकट पाण्यात उतरतात, छातीपर्यंत पाणी येईतो ताबूत खांद्यावरून सोडत नाहीत, आणि मग एकदम हात काढून घेतात. कागद भिजतो, बेगड सुटते, कामट्या मोकळ्या होऊन तरंगू लागतात. किनाऱ्यावर ताशा थांबलेला असतो, आणि पोरे वाळूत उभी राहून, पुढल्या वर्षी चंद्र कोण उचलणार, यावरून एकमेकांशी भांडत असतात.